बाबांना आत सोडायला गेलो नाही तो दिवस

२००४ साली बाबा पाच महिने माझ्याकडे अमेरिकेत, शॉमबर्गला राहिले. ते नागपूरला एका वर्कशॉपमध्ये फिटर होते, आता रिटायर झालेले. इंग्रजी वाचायचे, पण समोरचा भराभर बोलला की गोंधळायचे. परत निघाले तेव्हा मी सकाळीच त्यांना एअरपोर्टवर घेऊन गेलो.

काउंटरवरच्या बाईने बोर्डिंग पास देताना मला विचारलं, "ते एकटेच आहेत. तुम्हालाही आत जायचा पास करून देऊ का? गेटपर्यंत सोबत जाता येईल."

दुपारी ऑफिसात मीटिंग होती. पुढे ढकलता आली असती. खरं सांगायचं तर पाच महिन्यांनी मला घर मोकळं हवं होतं. मी म्हणालो, "नको, ते जातील."

"काय म्हणाली रे?" बाबांनी विचारलं.

"आत सोडत नाहीत म्हणाली. तिकीट असेल त्यालाच जाता येतं."

"बरोबर आहे. नियम म्हणजे नियम," बाबा म्हणाले.

सिक्युरिटीच्या रांगेत ते पुढे सरकत गेले. मी रांगेला आडव्या लावलेल्या पट्ट्याच्या अलीकडे उभा होतो. अधिकाऱ्याने पास मागितला आणि बाबांना तो सापडेना. त्यांनी पासपोर्ट दाखवला, मग तिकिटाचं पाकीट, मग माझा पत्ता लिहिलेला कागद. मागे रांग खोळंबली. हरवू नये म्हणून पास त्यांनी बनियनच्या आतल्या खिशात ठेवला होता, हे त्यांना आठवलं तेव्हा ते सगळ्यांसमोर शर्टाची बटणं काढू लागले. अधिकारी हात वर करून त्यांना थांबवत होता. बाबांनी वळून माझ्याकडे बोट दाखवलं. "माय सन. माय सन."

मी पट्ट्यापाशी गेलो. तिथल्या माणसाने विचारलं, "पास?" माझ्याकडे नव्हता. मी तिथूनच ओरडलो, "बाबा, सावकाश." शेवटी पास निघाला. बाबा मागच्या लोकांना "सॉरी, सॉरी" म्हणत, शर्ट तसाच उघडा ठेवून आत गेले. काउंटर वीस पावलांवर होता. परत जाऊन पास मागावा असं मनात आलं. मी पार्किंगकडे गेलो. मीटिंग अर्ध्या तासात संपली.

दोन वर्षांनी मी नागपूरला गेलो. शेजारचे काका चहाला आले होते. अमेरिकेत म्हाताऱ्या माणसाला एकटं सोडून देतात का, असं त्यांनी सहज विचारलं. बाबा ताडकन म्हणाले, "नाही हो, हा यायला तयार होता. तिथे आत सोडतच नाहीत. बिचारा पट्ट्याला धरून उभा होता." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "होय ना रे?"

मी "हो" म्हणालो आणि काकांना आणखी चहा हवा का, ते विचारलं.

बाबांना मी खरं कधीच सांगितलं नाही. सांगण्याच्या संधी पुष्कळ आल्या.