पाहुण्यांसाठी झाकलेले पापड

तळेघरच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथल्या झुंबरबाईला आमच्या संस्थेच्या कागदांत 'उद्योजिका' म्हणायचे. मी तिला ते सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली. "बाय, ह्ये नाव घिऊन मी नारायणगावला हुबी ऱ्हायले, तर निंदायला कोन न्हेईल मला?"

नारायणगावला मजुरांचा बाजार भरतो. डोंगरातली बायामाणसं बोचकी घेऊन रस्त्याकडेला उभी राहतात आणि बागायतदार त्यांतून निवडून नेतात. झुंबरबाई लग्न झाल्यापासून दरसाल तिथं उभी राहायची. नवरा भागू एका गाडीत, ही दुसऱ्या गाडीत, पोरं सासूपाशी. एकदा एकानं तिचा दंड दाबून बघितला. बैल बघतात तसा! मी पिंपरी पेंढारची. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं मोर्च्यांत आणि कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर शिकले. त्या माणसाची मी भर बाजारात गचांडी धरली. झुंबरबाईची आणि माझी ओळख ती अशी.

तिच्या हाताला नाचणीच्या पापडाची चव होती. वाडीतल्या बाया जमवून तिनं त्यांतल्याच मंगलच्या पडवीत काम सुरू केलं. पापड चांगले होत, पण खाली जाणार कसे? एसटी आली तर आली, आणि त्या गर्दीत पापडाचा भुगा व्हायचा. संस्थेनं जीप लावली. ती माल घोडेगावला, मंचरला न्यायची. जीपचं डिझेल, ड्रायव्हरचा पगार, सगळं मुंबईच्या एका ट्रस्टच्या अनुदानातून. जीप आली आणि झुंबरबाईचं नारायणगाव सुटलं. पोरं तिच्याजवळ राहिली.

२००४ च्या उन्हाळ्यात ट्रस्टची माणसं बघायला येणार होती. काम दिसलं तर अनुदान पुढं चालू, नाहीतर बंद. आमच्या ऑफिसातल्या सोपाननं एसटीच्या कंडक्टरजवळ वाडीला निरोप धाडला, 'मुंबईचे पाहुणे येताहेत, तयारी ठेवा.'

मी पाहुण्यांबरोबर जीपमधून उतरले. पडवी नुकती सारवलेली, दारात रांगोळी, आंब्याचं तोरण. बाया ठेवणीतली लुगडी नेसून मांडीवर हात ठेवून बसलेल्या. पोळपाट नाही, लाटणं नाही, उन्हात एक पापड नाही. मागं चुलीवर कोंबड्याचा रस्सा शिजत होता.

"काम कुठं चालतं?" ट्रस्टच्या साहेबांनी विचारलं.

"आज बंद हाय साहेब," झुंबरबाई अभिमानानं म्हणाली. "तुमी येनार म्हून कालधरनं समदं आवारलं."

मी तिला बाजूला ओढलं. "अगं, ते कामच बघायला आलेत!"

"पावणं दारात, आन् आमी पिठाच्या हातानं बसायचं? आब्रू हाय का न्हाई आमाला?"

"घाल चुलीत ती अब्रू! पापड कुठायत?"

पापड मंगलच्या माळ्यावर होते. बाया धावल्या, डबे आणले, पोळपाट मांडले, उकड काढायला घाई केली. ठेवणीतल्या लुगड्यांवर पीठ उडालं. साहेब बरोबरच्या बाईंना हळूच म्हणाले, "आपण आलो म्हणून मांडलंय हे." मला ऐकू गेलं. मग मीही ऐकवलं. इस्त्रीच्या कपड्यांपासून त्यांच्या बिसलेरीच्या बाटलीपर्यंत काही सोडलं नाही. त्याचं मला आजही काही वाटत नाही. पाहुणे भाताला नुसता हात लावून उठले.

पुढच्या महिन्यात अनुदान बंद झालं. मी मुंबईला जाऊन भांडले. तिथल्या बाई थंडपणे म्हणाल्या, "आमचं पथक गेलं तेव्हा तिथं उद्योग नव्हता." मी पापडाचा डबा टेबलावर आपटला. त्यांनी तो शिपायाला दिला.

जीप थांबली. ते सांगायला मी तळेघरापासून पायी वर गेले. झुंबरबाई ओट्यावर नाचणी पाखडत होती. ऐकून घेतलं, पण सूप थांबवलं नाही.

"जेवान आवाडलं न्हाई का त्यास्नी?"

"जेवणाचं नाही गं ते."

"कोंबडा जून व्हता. मी म्हनलं व्हतं यास्नी, कवळी तलंग काप."

मी परत परत समजावलं. मुंबईची माणसं पीठ सांडलेलं, पसारा पडलेला बघायला येतात, असं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हंजी घान दावली आसती, तर भागलं आसतं?"



पावसाळ्यात माळ्यावरचे पापड सादळले, त्यांना बुरशी आली. पडवीत आता मंगलची शेरडं असतात. भात झोडून झाल्यावर वाडीतल्या बाया नारायणगावला निघाल्या, त्यांत झुंबरबाईही. झुंबरबाईचं धाकटं पोर एसटीमागं पळत फाट्यापर्यंत आलं. तिनं खिडकीची काच ओढून घेतली.