डेस्मंड डॉइलची पणजी

आयर्लंडमध्ये पूर्वी धोबी, गवंडी, मोलकरीण असं कोणी राहतच नव्हतं, सगळे राजेच राहत होते, अशी उत्तराबाईंची वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिलला मुलीकडे आल्यावर सहा महिन्यांत खात्री पटली. ग्रंथालयात दर मंगळवारी घराण्याचा इतिहास शोधणारी म्हातारी मंडळी जमत, आणि प्रत्येकाला आपल्या वंशात एक तरी कुळनायक हवा असे. सलिव्हन नावाच्या बाईंनी आपल्या आडनावाचा अर्थ 'काळ्या डोळ्यांचा' असा सगळ्यांना तीनतीनदा सांगितला. एका मताप्रमाणे तो 'काणा' असाही होतो, हे उत्तराबाईंनी पुस्तकात बोट ठेवून दाखवल्यापासून त्या बाई दुसऱ्या टेबलावर बसू लागल्या.

हा रोग उत्तराबाईंना नवा नव्हता. पुण्याच्या सरकारी दफ्तरखान्यात चौतीस वर्षं त्यांनी मोडी कागद वाचले होते. तिथेही लोक येत ते पेशव्यांच्या पंगतीला बसलेला पूर्वज शोधायला. पंगतीत वाढणाऱ्याचा पणतू व्हायला कोणी आलेला त्यांनी पाहिला नाही. तरीही मंगळवार त्या चुकवत नसत. पाद्र्यांचं गिचमिड अक्षर त्यांच्याइतकं कोणाला लागत नसे, आणि मुलीच्या घरी बसून भांडी लावण्यापेक्षा ते बरं.

या मंडळींचे मेरुमणी म्हणजे त्यांचे व्याही. सुरुचीचे सासरे डेस्मंड डॉइल पोरिरुआला राहत. एकेचाळीस वर्षं बस चालवली, बायको वारली आणि मग ते आयरिश झाले. आयर्लंडला एकदाही पाय लागलेला नाही, पण स्वेटर हिरवा, आणि चहाच्या मगवर हरणाच्या मुंडक्यांचं कुळचिन्ह.

"डॉइल म्हणजे काय, माहीत आहे, उत्तरा? काळा परका! व्हायकिंग आम्ही!"

"म्हणजे बाहेरून आलेले. तिथलेही नव्हेत तुम्ही," उत्तराबाई म्हणाल्या.

डेस्मंड खदाखदा हसले. अपमान कळायला माणूस थोडा तरी ऐकणारा लागतो.

त्यांची वंशावळ उत्तराबाईंनीच लावून दिली होती. आजोबा पॅट्रिक, त्यांचा बाप थॉमस, आणि आई? आयर्लंडच्या बाप्तिस्म्याच्या वहीत पॅट्रिकच्या थोरल्या भावंडांची आई होती ऑनोरा कीन. वेलिंग्टनला करोरीच्या दफनभूमीत थॉमसशेजारी निजलेली होती ब्रिजेट डॉइल, त्याची बायको. तिच्यावर दगडसुद्धा नाही. उत्तराबाईंनी क्षणाचाही विचार न करता दोघींना एका चौकटीत बसवलं होतं. माहेरची ऑनोरा, सासरची ब्रिजेट. त्यात काय विचार करायचा? त्या स्वतः माहेरच्या आशालता. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने 'उत्तरा' लिहिलं गेलं आणि आशालता संपली.

कीन घराण्यात म्हणे कुळनायक होऊन गेले. झालं! डेस्मंडनी ब्रिजेटच्या कबरीवर दगड बसवायचं ठरवलं. 'ब्रिजेट ऑनोरा डॉइल, कीन कुळनायकांची कन्या', वर कुळचिन्ह. मजकूर कोरणाऱ्याकडे शुक्रवारी जायचा होता.

आणि त्या आठवड्याच्या मंगळवारी उत्तराबाईंसमोर दूरच्या होकिटिका गावच्या चर्चची जुनी वही पडद्यावर आली. त्या शोधत होत्या दुसऱ्याच कोणाला तरी. 'ऑनोरा कीन, थॉमस डॉइलची पत्नी, मागे सहा मुलं. १८८१.' आणि दीड वर्षानंतर, त्याच पाद्र्याच्या हातची नोंद: विधुर थॉमस डॉइल याचा विवाह ब्रिजेट टायनन, मोलकरीण, हिच्याशी.

त्यांनी चष्मा पुसला. अक्षर तेच राहिलं. आयरिश बाईचं पहिलं नाव लग्नाने बदलत नाही, चर्चच्या वहीत तर आडनावही माहेरचंच राहतं, हे सगळ्या मंगळवार मंडळींना ठाऊक होतं. नव्हतं ते फक्त दफ्तरखान्याच्या तज्ज्ञ बाईंना. कोणी विचारलंही नव्हतं, कारण त्यांना विचारायची कोणाची छाती नव्हती.

संध्याकाळी त्यांनी सुरुचीला सांगितलं. सुरुची लॅपटॉप मिटून म्हणाली, "आई, प्लीज, डेसना काही बोलू नकोस. सगळ्या नातेवाइकांना आमंत्रणं गेलीत. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

"तुला ते आवडतसुद्धा नाहीत!"

"आवडण्याचा काय संबंध? चूक माझी आहे. दगडावर कोरल्यावर ती शंभर वर्षं राहील."

गुरुवारी त्या एकट्याच ट्रेनने पोरिरुआला गेल्या. डेस्मंड जँडल्समध्ये, म्हणजे रबरी चपलांत, ऐन थंडीत, दारात उभे. "किया ओरा, उत्तरा! काय, आणखी एक राजा सापडला?"

"गेला. बसा." त्यांनी छापील प्रती टेबलावर ठेवल्या आणि पाच वाक्यांत सगळं सांगितलं. माफी मागायची सवय नव्हती, म्हणून ती सहाव्या वाक्यात, भराभर उरकली.

डेस्मंडनी प्रतींवर बोट फिरवत दोन्ही नोंदी वाचल्या. मग मान वर करून म्हणाले, "म्हणजे करोरीतली बाई आमची कोणीच नाही?"

"रक्ताची नाही."

"मग दगड होकिटिकाला हलवू. ऑनोरासाठी. खरी पणजी तीच."

उत्तराबाईंचं डोकं सणकलं. "हलवा की! हरीणही न्या. पॅट्रिक तेव्हा दोन वर्षांचा होता, डेस. परक्या बाईची सहा मुलं ब्रिजेटने वाढवली, आणि तुम्ही तिला आता उघड्यावर टाकताय, का, तर तिचा बाप कुळनायक नव्हता म्हणून! बस चालवताना आडनाव विचारून उतारू घेत होता का?"

डेस्मंडचा चेहरा लाल झाला. ते उठले, खिडकीशी गेले, नाक शिंकरलं. परत आले तेव्हा आवाज बसच्या मागच्या बाकावरून यावा तसा आला.

"आजोबा तिच्याबद्दल बोलताना टोपी काढायचे. तिला 'मा' म्हणायचे. मला वाटलं, तीच ही कीनांची राजकन्या. ती कपडे धुवायची, उत्तरा. शाळेत जाणाऱ्या पोरांनी टाकलेले जुने बूट स्वतःच्या पायाला होतात का बघायची."

हा माणूस इतकी वर्षं हे पोटात ठेवून कुळचिन्हांचे मग गोळा करत बसला होता. मूर्खपणाला सीमा असते, असं त्यांना कालपर्यंत वाटत असे.

डेस्मंडनी कोरणाऱ्याचा फॉर्म पुढे ओढला, आधीचा मजकूर चिन्हासकट खोडला आणि 'ब्रिजेट टायनन' लिहिलं. "बरोबर?"

"टायननमध्ये एन दोन येतात."

खाली एक रकाना होता: दगड बसवणाऱ्याचं मृताशी नातं. डेस्मंडनी लिहिलं, 'पणतू'.

"सावत्र," उत्तराबाई म्हणाल्या. "नोंद चुकीची होते."

"होऊ दे."

"डेस, मी चौतीस वर्षांत एकसुद्धा चुकीची नोंद—"

"एक केलीत. माझ्याच घराण्यात." त्यांनी पेन उत्तराबाईंपुढे धरलं. "साक्षीदाराची सही लागते."

उत्तराबाईंनी तो रकाना पुन्हा वाचला, डेस्मंडकडे रागाने बघितलं, आणि खाली सही ठोकली.