पाण्याचा प्रश्न घेऊन रिजवर

चिऊ, माझी लेक, माझ्या कडेवर नव्हती. ती स्टेजवर होती, विधायकांच्या (म्हणजे आपल्याकडचे आमदार) कडेवर, आणि त्यांच्या छातीवरचा गुलाबी झालरीचा बिल्ला तिच्या तोंडात होता. बिल्ल्याला मागे टाचणी असते हो! मी धावले तर पांढऱ्या कुडत्यातला एक कार्यकर्ता आडवा आला. "बहनजी, बैठ जाइए, विधायकजी बोल रहे हैं।"

आधी तिथे पोचले कशी ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, आठवी शिकलेली बाई सभेला गेलीच कशाला.

लग्न होऊन तासगावाहून मी आले ती दिल्लीत, यमुनापार, नव्या कॉलनीत. यांना परदेशी कंपनीत नोकरी. फ्लॅट इतका नवा की भिंतीला टेकलं तर पाठ पांढरी होते. केबलवर ढीगभर चॅनल, कोपऱ्यावर थंड बाटल्या, फक्त नळाला पाणी नाही. टँकर येतो, मग बादल्यांची मारामारी. विधानसभेचं सत्र (अधिवेशन) संपलं तसं विधायकांनी सगळ्यांना बोलावलं. सत्रात काय काय केलं ते सांगणार, आणि जनतेनं सवाल विचारायचे. बस त्यांचीच, जेवण त्यांचंच.

वरच्या मजल्यावरच्या अरोरा आंटींनी ठरवून टाकलं, सवाल मी विचारायचा. "गोद में बच्चा हो तो कोई चुप नहीं कराता, बेटा। बस तीन लफ्ज हैं। पानी कब आएगा।"

हे म्हणाले, "अच्छा, म्हणजे तू लोकशाही चालवायला निघालीस! चिऊला टोपी घाल मग."

बसमध्ये मी तेच तीन शब्द घोकत होते. पुलावर आंटींनी यमुनेला हात जोडले. मी बघितलं तर काळं पाणी आणि वर फेस. हेच नळाला आलं तर काय करायचं, असं मनात आलं, पण म्हटलं आधी येऊ तर दे. मग रिज (झाडीची टेकडी) लागली, माकडं दिसली, आणि एका पाटीवर 'हिंदूराव' वाचलं. एवढ्या लांब आपल्याकडचं नाव! मला केवढा धीर आला.

"आंटी, ये हमारे लोग हैं।"

"वो तो अस्पताल है, बेटा।"

घ्या! आपलं माणूस दिल्लीत राहिलं की त्याचा दवाखाना होतो.

रिजवरच्या हॉलमध्ये आधी छोले-भटूरे (मैद्याची टम्म फुगलेली पुरी). माझे दोन्ही हात तेलकट, चिऊ मांडीवर, तेवढ्यात विधायक फोटोवाल्याला घेऊन आले. "अरे, ये तो हमारी बिटिया है!" आणि उचललीच तिला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, ओळख झाली, आता सवाल ऐकतील. फोटो निघाला आणि ते चिऊसकट स्टेजवर चालायला लागले. पोर परत द्यायची असते हे त्यांच्या लक्षातच नाही.

भाषण सुरू झालं. "सत्र समाप्त हुआ, पर मेरा मन भरा हुआ है। लोग कहते हैं, मैं सदन में बोला नहीं। भाइयो, मैं सुन रहा था! आपकी आवाज सुन रहा था!" टाळ्या. मी खालून ओरडतेय, "बिल्ला! मुंह में बिल्ला!" माझा आवाज काही त्यांना ऐकू येईना. "जनता सवाल पूछे, तभी लोकतंत्र जिंदा है। पूछिए! डरिए मत!"

मी त्या कार्यकर्त्याच्या हाताखालून घुसले आणि पायऱ्या चढले. त्यांना वाटलं, सवाल आहे. कोणीतरी माझ्या हातात माइक कोंबला. मागून आंटींचा आवाज आला, "बोल, बेटा, बोल!"

विधायक हसले. "देखिए, बिटिया भी लोकतंत्र चख रही है। पूछिए बहनजी, फिर बिटिया आपकी।"

चिऊनं तोंड मिटलं. झालर बाहेर, बिल्ला आत.

मी माइक टाकला. पोर ओढून घ्यायला दोन हात लागतात. तिच्या तोंडात बोट घालून बिल्ला काढला, टाचणी मिटलेली होती, देवाची कृपा. तोवर माइक कार्यकर्त्यानं उचलला होता. "बहनजी के प्रश्न का समाधान हो गया। धन्यवाद, भारत माता की जय।" लोक चपला शोधायला लागले.

परतताना बसमध्ये बायका माझ्याकडे पाठ करून बसल्या. पूल आला तेव्हा आंटी खिडकीकडे बघतच म्हणाल्या, "तीन लफ्ज थे।"

आता टँकर येतो त्याच्या पाठीवर मोठं पोस्टर आहे. विधायकांच्या कडेवर चिऊ, टोपी घालून, आणि खाली लिहिलंय, 'हर सवाल का जवाब'. पूर्वी मी लेकुरवाळी म्हणून बायका मला पुढे सोडायच्या. आता म्हणतात, "तेरी तो पहचान है, तू पीछे लग।" मी चिऊला कडेवर घेऊन मागे उभी राहते, ती स्वतःचाच फोटो बघून टाळ्या वाजवते, आणि माझी बादली येईपर्यंत पाइप गुळगुळ करून संपतो.

तुम्ही बायकांनो, खरं सांगा. एका हातात माइक आहे, सगळी कॉलनी मागे तहानलेली बसली आहे, आणि समोर पोरीनं तोंड मिटलंय. तुम्ही काय केलं असतं?