चौथा मजला, लिफ्ट नाही

कात्रीबाईंनी सुरुवात केली ती वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीत. तिथे जाहिरात शब्द मोजून घेत, आणि लोकांचे फालतू शब्द कापून देण्यात बाईंचा हात असा बसला की 'कात्रीबाई' हे नाव कायमचं चिकटलं. पुढे त्या घरांच्या दलालीत पडल्या, तर नावही मागोमाग आलं. बावीस वर्षांत त्यांनी या धंद्याची भाषा पुरती ओळखली होती. 'सुटसुटीत' म्हणजे पलंग लावला की कपाट उघडत नाही. 'हवेशीर' म्हणजे खिडकी नीट लागत नाही. 'शांत परिसर' म्हणजे दूध आणायलाही गाडी काढावी लागते. असल्या शब्दांनी गिऱ्हाईक फसत नाही, नुसतं दमतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

दोन वर्षं विकलं न जाता पडून राहिलेलं एक घर त्यांच्याकडे आलं, तेव्हा त्यांनी आधी जुनी जाहिरात मागवली. 'प्रशस्त, उजेडी, लिफ्टची सोय लवकरच. मालक परदेशी मुलाकडे जात असल्याने विक्री.' जिना एवढा अरुंद की समोरून कोणी आलं तर एकानं भिंतीला चिकटावं. लिफ्ट बसवणार कुठे, शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात?

बहात्तर पायऱ्या त्या मोजत चढल्या. दार मालकीणबाईंनी उघडलं. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या त्या बाईंचं घरही उसवलेला टाका शोधून सापडू नये इतकं नीटनेटकं होतं. फक्त एका खोलीचं दार बंद होतं. ती मुलाची खोली, किल्ली त्याच्याकडेच राहिली, असं मालकीणबाईंनी सांगितलं.

भिंतीची ओल कॅलेंडरमागे दडवणारी घरं कात्रीबाईंनी पुष्कळ पाहिली होती. पाणी कुठे मुरतंय ते त्यांच्या लक्षात आलं. न पाहिलेली खोली मी विकत नाही, असं म्हणून त्या दारासमोरच खुर्ची टाकून बसल्या. दहा मिनिटं गेली असतील, आतून कोणीतरी खोकलं. मग तो खोकला दाबायच्या धडपडीत आणखी जोरात खोकलं.

आत मालकीणबाईंचे यजमान होते. चाळीस वर्षं लोकांचे जिने चढून नळ दुरुस्त करणारा माणूस. दोन्ही गुडघे गेले होते, आणि गेले अकरा महिने ते खाली उतरले नव्हते. गुडघे धरलेला मालक दिसला तर चौथा मजला कोण घेणार, असं आधीच्या एजंटाचं मत. म्हणून गिऱ्हाईक आलं की त्यांनी आत बसायचं, कडी लावायची. विकायला काहीतरी कारण हवं, म्हणून त्या एजंटानंच या दोघांना एक मुलगा देऊन टाकला होता. खरं तर त्यांना मूलबाळ नव्हतंच.

मालकीणबाईंनी मात्र दोन वर्षांत तो मुलगा वाढवला होता. त्याला नोकरी लावली, लग्न करून दिलं, तिकडची थंडी सोसत नाही म्हणून त्याची काळजीही केली. ऐकून कात्रीबाईंना त्या एजंटाचा संताप आला. शेजारच्या गल्लीत तळमजल्यावरचं एक घर या दोघांनी हेरून ठेवलं होतं. त्याचा मालक महिनाअखेरपर्यंतच थांबणार होता. कात्रीबाईंनी तिथेच कागद ओढला.

'चौथा मजला. लिफ्ट नाही, होणारही नाही. बहात्तर पायऱ्या. वर कोणी राहत नाही. मालकांचे गुडघे गेले म्हणून विकणे आहे.'

मालकीणबाईंचा चेहरा पडला. कागदाची घडी करत, उलगडत त्या म्हणाल्या, "मुलाचं तेवढं राहू द्या ना. लोकांना बरं वाटतं ऐकायला."

कोणाला बरं वाटतं ते कात्रीबाईंना कळलं. आजवर हजारो शब्द कापले होते, पण हा एक फार जड गेला. "नाही, ताई," त्या म्हणाल्या. "यांना खाली उतरवायचंय."

आठवडाभर फोन वाजला नाही. मालकीणबाई रोज विचारायच्या, आणि कात्रीबाई रोज सांगायच्या की एक शब्द बदलणार नाही. नवव्या दिवशी रात्रपाळी करणाऱ्या एका नर्सचा फोन आला. दिवसा झोपायचं, आणि डोक्यावर वरच्या मजल्याची आदळआपट, याला ती विटली होती. वर कोणी राहत नाही हे नक्की ना, एवढंच तिनं विचारलं.

ती आली आणि धाप न लागता वर पोचली. त्या खोलीचं दार आज सताड उघडं होतं.

"ही मुलाची..." मालकीणबाईंच्या तोंडून सवयीनं निघालं. त्या थांबल्या. कात्रीबाईही मदतीला गेल्या नाहीत.

"ही यांची खोली," मालकीणबाई म्हणाल्या. "मुलगा नाही आम्हाला. यांना जिना उतरवत नाही, म्हणून विकतोय."

खुर्चीतून यजमान म्हणाले की न्हाणीघरातला नळ उलटा फिरतो, घाईत त्यांनीच तसा बसवलाय. नर्स हसली आणि त्यांच्याजवळ बसून गुडघ्यांची चौकशी करू लागली. जाताना तिनं घर पक्कं केलं.

नोंदणीच्या दिवशी कात्रीबाईंनी सामान वाहणारे दोन हमाल खुर्चीसकट आणले होते. यजमानांनी त्यांना वाटेला लावलं. कठडा धरून, प्रत्येक वळणावर टेकत ते स्वतःच्या पायांनी उतरले. खाली टॅक्सी खोळंबली होती. उशीर होतोय, आत बसा, म्हणून मालकीणबाई मागे लागल्या.

"अगं, अकरा महिने बसूनच होतो," रस्त्याकडे बघत ते म्हणाले. "जरा उभा राहू दे."