गिळलेली गोळी

"तोंड उघड," डॉक्टर म्हणाले. रेखाला नव्हे, मला.

पनवेलमधल्या एका पोलीस ठाण्याचा व्हरांडा. दोन शिपाई, एक वकील, आरोपींना तपासणारे हे सरकारी डॉक्टर, गजांआड रेखा. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेली, व्यसनमुक्ती केंद्राची समुपदेशक. न्यायालयाच्या परवानगीने रोज सकाळी रेखाची गोळी घेऊन येणारी.

"यातली एखादी तूही चाखतेस का, बघू दे. जीभ वर." त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला. मी तोंड उघडले. "उरणच्या कोळ्यांची ना गं तू? आत बोंबील नाही दिसत!"

सगळे हसले. वकीलसुद्धा.

माझा गुन्हा एवढाच, की मी हरकत घेतली होती. रेखा ब्राऊन शुगर सुईने टोचून घ्यायची. चोरीच्या आरोपात पकडली गेली. ही गोळी जिभेखाली ठेवून विरघळू द्यायची असते. मग शरीराची तडफड थांबते, सुईची ओढ कमी होते, आणि दुसरीच्या सुईतून येणारा एचआयव्ही दूर राहतो. गिळलेली गोळी जवळजवळ वाया जाते. पण कैदी गोळ्या दाताआड लपवतात, हा कोठडीवरच्या हवालदारबाईंचा अनुभव. म्हणून त्या पाण्याचा पेला पुढे करायच्या.

"चघळत काय बसलीस गं म्हशी? गीळ!"

रेखा गिळायची.

"डॉक्टर, हा औषधोपचार नव्हे," मी म्हटले होते. त्यावर तो टॉर्च. आणि नंतर, टॉर्च विझवताना: "पोटात गेल्याशी मतलब. एचआयव्ही झाला तर झाला. या बायकांचं वाचवण्यासारखं उरलंय काय? आणि तुला पीएच.डी. करायचीय ना? तुमच्या केंद्रावर डॉक्टर मीच, शिफारस माझीच लागेल."

मी केंद्राच्या संचालकांकडे तक्रार केली. "परवानगी जाईल," ते म्हणाले. "जमवून घे."

कोठडी संपेपर्यंत रोज मी तेच सांगितले, रोज पेला पुढे झाला. न्यायालयात नेताना रेखा उभी राहू शकत नव्हती. हवालदारबाईंना वाटले, नशेत आहे; ती नशा उतरल्याची तडफड होती. तिथून तुरुंग, मग जामीन. सुटली त्याच दिवशी खांदा कॉलनीजवळच्या पुलाखाली तिने दुसऱ्या एकीची सुई घेतली. अटकेपूर्वीच्या तपासणीत तिला एचआयव्ही नव्हता. आता आहे.

ते मीच तिला सांगितले. ती रडली नाही.

"ताई, गोळी सोडली नाय मी. एक दिस पण नाय."

यावर शास्त्राकडे उत्तर आहे: गिळलेली गोळी रक्तात जवळजवळ पोहोचतच नाही.

त्याच आठवड्यात डॉक्टरांचा फोन आला. शिफारस तयार होती, येऊन घेऊन जायची होती.

"नको," मी म्हटले.

"काय नको?"

"तुमची शिफारस."

कोठडीत आता दुसरी बाई आहे, आणि पेला तोच आहे. मी विचारल्यावर रेखाने संमती दिली: "सांग. माझं नाव घेऊ नको, पण सांग." रेखा हे तिचे खरे नाव नव्हे. कोठडीतल्या त्या दुसऱ्या बाईच्या पुढच्या तारखेला मी दंडाधिकाऱ्यांसमोर शपथेवर सांगणार आहे, की औषध होते, न्यायालयाची परवानगी होती, आणि सरकारच्या ताब्यात असलेल्या बाईला ते मिळू दिले गेले नाही. केंद्राची परवानगी जाईल. माझी नोकरी जाईल. पीएच.डी. तर गेलीच. रेखाचे रक्त पूर्ववत होणार नाही, आणि बहुधा कोठडीतली रीतही बदलणार नाही.

तरी डॉक्टरांचे नाव मी पूर्ण घेणार आहे. हुद्द्यासकट.