शैलाचं मनगट आणि माझी हौस

प्लास्टर काढलं आणि शैला परबला म्हटलं, "हं, आता मनगट खाली वाकव." तिने प्रयत्न केला. बोटं हलली, कोपर हललं, खांदासुद्धा वर गेला. मनगट तेवढं जागचं हललं नाही.

"होतं असं," मी म्हटलं. "तीन आठवडे बांधलेला हात आहे. सुटेल हळूहळू."

"हळूहळू म्हणजे किती दिवस, मॅडम?"

"महिना, दीड महिना. घाई काय आहे?"

"एकोणीस दिवसांनी ट्रायल आहे."

"कसली?"

"कॅरमची."

मी हसले. आज लिहिताना लाज वाटते, पण हसले. म्हटलं, कॅरम काय, दिवाळीच्या सुट्टीतही खेळता येईल. शैला हसली नाही. तिची आई बाहेर बाकावर बसली होती. दाराकडे एकदा बघून शैलाने हळू आवाजात सांगितलं, की एका मोठ्या सरकारी कंपनीत खेळाडूंच्या कोट्यातून कॅरमच्या दोन मुली घेणार आहेत. कायमची क्लार्कची नोकरी. वडिलांची गिरणी बंद पडून दोन वर्षं झाली होती, पाठची दोन भावंडं शाळेत होती. उपनगरांतल्या स्पर्धांमध्ये शैला दोनदा फायनलपर्यंत गेली होती.

"तुम्ही म्हणाला होतात, तीन आठवड्यांत हात पहिल्यासारखा होईल," ती म्हणाली. "म्हणून मी गप्प बसले. म्हटलं, तरी एकोणीस दिवस मिळतात प्रॅक्टिसला."

मी तसं म्हणाले होते, हे खरं. पुढचा प्रश्न विचारायला जीभ रेटेना, पण विचारला. तिच्या मनगटावरची जी गाठ मी ऑपरेशन करून काढली होती, ती खेळताना दुखायची का?

"नाही. कधीच नाही."

आता हे सगळं कसं घडलं ते सांगते. ऐंशीच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. बोरिवलीला दवाखाना थाटून मला सातेक महिने झाले होते. पाटीवर नावाखाली ‘जनरल सर्जन’ असं लाल अक्षरांत रंगवून घेतलं होतं. पण बाई डॉक्टर म्हणजे बाळंतपण, हे लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं होतं, की येणाऱ्या दहांतल्या सहा बायका दिवस गेलेल्या असत. मी बाळंतपणं करत नाही, ऑपरेशनं करते, असं सांगितलं की त्या समजूतदारपणे विचारत, "मग बाई कधी येतात?" पुरुष पेशंट मला नमस्कार करत आणि दुखणं मात्र माझ्या कंपाउंडरला, मोऱ्यांना सांगत. मोऱ्यांचे केस पांढरे होते. मला याचा भयंकर राग यायचा. मी समोर बसलेली असताना माणसं माझ्या डोक्यावरून दुसऱ्याशी कशी बोलू शकतात, असं मी घरी जाऊन नवऱ्याला तावातावाने विचारत असे.

अशात परबबाई मुलीला घेऊन आल्या. दहिसरला चाळीत राहणाऱ्या, मूळच्या मालवणकडच्या. मुलीच्या हाताला परक्या पुरुषाने हात लावू नये म्हणून त्या मुद्दाम बाई डॉक्टर शोधत आल्या होत्या. मुलीचा उजवा हात त्यांनीच माझ्या टेबलावर ठेवला.

"डॉक्टरीणबाय, ह्या चेडवाच्या हातार गाठ इली हा," त्या म्हणाल्या. "बघूक येतले, हात पुढे केल्यान की पयली गाठच दिसतली. म्हणतले, चेडवाक कसलो तरी रोग आसा."

मनगटाच्या मागच्या बाजूला, बरोबर मध्यावर, सुपारीएवढी गोल गाठ होती. मी खोलीतला दिवा मालवला आणि गाठीला खालून टॉर्च लावली. गाठ आतून लालसर उजळली. म्हणजे आत मांस नाही, पातळ काहीतरी आहे. परबबाईंनी तोंडाला पदर लावला. मला फार बरं वाटलं.

या गाठीला आम्ही गँगलिऑन म्हणतो. जुनी माणसं सरसकट आवाळू म्हणून मोकळी होतात. सांध्याभोवती एक पिशवीसारखं आवरण असतं, त्यात सांध्याला वंगण देणारा द्रव असतो. कधीकधी त्या आवरणातून एक छोटा फुगा बाहेर येतो. देठ आत सांध्यात, फुगा बाहेर कातडीखाली. आत जेलीसारखा चिकट द्रव भरतो. हा कॅन्सर नाही, पसरत नाही, संसर्ग नाही. तरुण मुलींमध्ये जास्त दिसतो. का होतो, ते नक्की सांगता येत नाही. डॉक्टर मंडळी हे वाक्य जरा लांबवून बोलतात, एवढंच.

उपाय तीन. पहिला, काहीही न करणं. दुखत नसेल तर हाच उत्तम, कारण बऱ्याच गाठी आपल्या आपण जिरतात. दुसरा, सुईने आतला द्रव ओढून काढणं. सोपं आहे, पण फुगा तिथेच राहतो आणि पुष्कळदा पुन्हा भरतो. तिसरा, ऑपरेशन करून देठासकट गाठ काढणं. त्यानंतरही काही गाठी परत येतातच. चौथा एक उपाय घरोघरी चालायचा, जाडजूड पुस्तक आपटून गाठ फोडायची. परबबाईंच्या शेजाऱ्यांनी तोही सुचवला होता, पण त्यांच्या घरात तेवढं जाड पुस्तक नव्हतं.

पहिले तीन उपाय मी परबबाईंना सांगितले. कसे सांगितले, ते महत्त्वाचं. पहिले दोन, वेटर संपलेल्या पदार्थांची नावं घेतो तसे. तिसऱ्याला मी कागद घेतला आणि चित्र काढलं. एमएस झाल्यावर मी वर्षभर हाताच्या सर्जरीचं काम शिकले होते, आणि सात महिन्यांत माझ्या सुरीखाली दोन गळवं आणि एक पायाचं कुरूप एवढंच आलं होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, त्यातली गत.

"दुखतं का?" मी विचारलं.

"दुखता म्हणजे? भांडी घासताना कण्हता," परबबाई म्हणाल्या.

"काम काय करते?"

"घराकच आसा."

केसपेपरवर मी ‘घरकाम’ असं लिहिलं. शैला ‘बरं’ आणि ‘हो’ यापलीकडे काही बोलली नव्हती. मला वाटलं, लाजाळू आहे.

ऑपरेशन झकास झालं. जवळच्या नर्सिंग होमचं थिएटर मिळालं. दंडाला पट्टा आवळून हातातलं रक्त थांबवलं, म्हणजे बारीक काम स्वच्छ दिसतं. देठ शोधत सांध्यापर्यंत गेले आणि मुळाजवळचा आवरणाचा तुकडासुद्धा काढला. गाठ बाटलीत घालून परबबाईंना दाखवली. मग मनगट हलू नये म्हणून प्लास्टरची पट्टी बांधली. मला हे काम शिकवणारे आमचे सर पंधरा दिवस बांधायचे. मी म्हटलं, माझी गाठ परत येता कामा नये. एकवीस दिवस बांधली. दहाव्या दिवशी टाके काढले आणि पट्टी पुन्हा चढवली.

ट्रायलचं कळल्यावर दुसऱ्याच दिवशी मी घाटकोपरला सरांकडे गेले. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"प्लास्टर किती दिवस?"

"एकवीस."

"मी किती शिकवले होते?"

"पंधरा."

"वरचे सहा कुणाचे?"

"माझे, सर."

सरांनी चष्मा पुसला. म्हणाले, सांधा आखडलाय, तो औषधाने सुटायचा नाही, वापरूनच सुटेल. रोज गरम पाण्यात हात बुडवून हलवायला लाव, आणि तिला जे काम करायचं आहे तेच काम तिच्याकडून करून घे. "बोर्ड आण दवाखान्यात," ते म्हणाले. "आणि तूच बस समोर. एवढी शिक्षा पुरे."

बोर्ड मोऱ्यांनी त्यांच्या मंडळातून आणला. रोज दुपारी दवाखाना बंद झाला की तपासणीच्या टेबलावर बोर्ड मांडायचा. आधी वीस मिनिटं गरम पाणी, मग मनगटाचे व्यायाम, मग खेळ. मनगट किती वाकतं ते मोजायला माझ्याकडे यंत्र नव्हतं, म्हणून मी शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक आणला. पहिल्या दिवशी मनगट जेमतेम पंधरा अंश वाकलं.

तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं, की शैला खेळते कशी. तिची बोटं बोर्डाला टेकलेली आणि मनगट कमानीसारखं वर उचललेलं. सगळा नेम त्या वाकलेल्या मनगटावर तोललेला. नेमकं तेच मनगट मी शिवून, बांधून, वर सहा दिवस बोनस देऊन ठेवलं होतं.

माझा खेळ सांगण्यासारखा नव्हता. माझा स्ट्रायकर सोंगटीला सोडून सरळ पॉकेटात जायचा. चौथ्या दिवशी माझं नख काळंनिळं झालं. शैला आखडलेल्या हाताने मला रोज हरवत होती आणि मोरे पावडर टाकता टाकता मला सूचना करत होते. डॉक्टरीणबाई दुपारी कॅरम खेळतात ही बातमी आळीभर झाली. परबबाईंना हा प्रकार अजिबात पटला नव्हता. औषध नाही, गोळी नाही, नुसता कॅरम, ही कसली डॉक्टरकी, असं त्यांनी मोऱ्यांना विचारलं. मला विचारलं नाही.

अठराव्या दिवशी कोनमापकाने पन्नास अंश दाखवले. डाव्या हाताचे सत्तर होते. बारीक, हळू शॉट उत्तम जात होते. जोराचे शॉट मारताना मनगट मध्येच अडकायचं आणि नेम सूतभर चुकायचा.

ट्रायलनंतर दोन दिवसांनी शैला आली. एकटीच. म्हणाली, "तिसरी आले, मॅडम. शेवटच्या मॅचला एका पॉइंटने गेलं."

दोनच मुली घेणार होते. मी काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा भरती होती, पण वयाच्या अटीमुळे तीच तिची शेवटची संधी असणार होती. वडिलांनी त्याच महिन्यात एका सोसायटीत वॉचमनची नोकरी धरली. मला त्या दिवसांत नीट झोप लागत नसे. पेशंट दगावला असता तर चार लोकांनी जाब तरी विचारला असता. इथे टाके सुरेख होते, जखम छान भरली होती, सरांनीसुद्धा कौतुक केलं असतं. एका मुलीचं वर्ष तेवढं गेलं होतं, आणि ते कुठल्या रिपोर्टात येत नाही.

आठ महिन्यांनी परबबाई तिला घेऊन पुन्हा हजर. शैलाचा हात त्यांनी टेबलावर ठेवला. माझ्या सुबक व्रणाच्या शेजारी, त्याच जागी, सुपारीएवढी गाठ.

"परत इली," परबबाई म्हणाल्या. "आता काय ता मुळासकट काढा."

मी मूळ काढलंच होतं, असं सांगायचं तोंडावर आलं होतं. ते गिळलं. मुलीकडे वळले आणि म्हटलं, "शैला, तुला काय हवंय?"

ती आईकडे बघायला लागली, मग माझ्याकडे. "दोन महिन्यांनी ट्रायल आहे. हात पूर्ण वाकतोय. गाठ दुखत नाही. मला काहीच करायचं नाही."

"मग त्या वेळी का नाही बोललीस गं?"

"तुम्ही माझा हात धरून आईशी बोलत होतात, मॅडम," ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही. गाडी किती वाजताची, हे सांगावं तसं.

 

परबबाईंना मी समजावलं, की या गाठीने काही बिघडत नाही, राहू द्या. त्यांचा एकच सवाल होता, बघायला येणाऱ्यांना काय सांगायचं? शैलाने परस्पर उत्तर दिलं, "आधी नोकरी लागू दे. मग बघू दे कोणाला काय बघायचंय ते."

त्या वर्षी ती पहिली आली. गाठीसकट. पेढे घेऊन आली तेव्हा तिने बोर्डाची चौकशी केली. मोऱ्यांनी तो मंडळाला कधीच परत दिला होता, माझा खेळ बघून. गाठ पुढे दोनेक वर्षांत आपोआप जिरली, असं तिने एकदा बाजारात भेटल्यावर सांगितलं. मी केलेल्या उपायांत हाच काय तो यशस्वी ठरला.

मनगटावर गाठ घेऊन आजही पेशंट येतात. सोबत आई असते, नवरा असतो, सासू असते, आणि बोलतात तेच. मी त्यांचं सगळं ऐकते. मग पेशंटला विचारते, या हाताने तुम्ही काय काय करता? उत्तर यायला कधीकधी पाच मिनिटं लागतात. तेवढा वेळ मी बाकीच्यांना गप्प बसवते, आणि स्वतःलाही.