धूळसाहेबांचे एकवीस धडे

आमच्या ह्यांना कामावर सगळे 'धूळसाहेब' म्हणतात. तीन मजल्यांचं जुनं ऑफिस नवं करायचं, तेही लोक आत बसून काम करत असताना, हे ह्यांचं काम. भिंत पाडायची, पण पलीकडच्याला शिंक येता कामा नये.

पहिला मजला बरा पार पडला. त्यावरून ह्यांनी एकवीस धडे लिहून काढले. भोकं पाडायची ती सकाळी सहा ते आठ. धुळीला प्लास्टिकचे पडदे. टेबलं सुट्टीच्या दिवशी हलवायची. दुसऱ्या मजल्यावर एकवीसच्या एकवीस पाळले आणि तक्रारींचा नुसता पाऊस! तिथे फोन घेणारी मंडळी सहालाच कामाला बसतात. पडद्यांनी वारा अडला. सुट्टीहून परतलेले लोक आपली खुर्ची शोधत फिरले. वरिष्ठांनी सरळ सांगितलं, "तिसऱ्यावर असंच झालं तर तुम्ही परत गोदामात."

तेव्हापासून हे घास हातात धरून बसायचे.

"अगं, धडे चुकले की मजला चुकला?"

"मला काय कळतंय त्यातलं? मी देवाला सांगितलंय."

"दुसऱ्या मजल्याच्या वेळीही सांगितलंच होतंस ना?"

सांगितलं होतं, अगदी त्याच शब्दांत. मग एकदा ऐकलं आणि एकदा नाही, असं कसं?

दुपारी माझी वही काढली. रोज चार ओळी लिहायची सवय आहे मला. पहिल्या मजल्याच्या दिवसांत सारखं एकच: 'हे उशिरा आले. साफसफाईच्या मावशींबरोबर चहा.' तेव्हा रागानेच लिहिलं होतं. दुसऱ्या मजल्याच्या दिवसांत: 'हे वेळेवर. यादी घेऊन बसले.' मावशी कुठेच नाहीत.

वाचून दाखवलं तर हे चक्रावले.

"त्या काय सांगायच्या? कोण किती वाजता येतं, कुणाला दमा आहे, कुणाला कुंडी हलवलेली खपत नाही. नुसत्या गप्पा गं!"

"मग त्या यादीत का नाहीत?"

"गप्पा कुणी यादीत लिहितं का?"

दुसऱ्या दिवशी हे दोन कप चहा घेऊन मावशींकडे गेले. त्या म्हणाल्या, "या साहेब! मला वाटलं, मोठे झालात. आधी आला असतात तर सहाचं सांगितलं नसतं का मी?"

तिसऱ्या मजल्याचा महिना संपला. तक्रार एकच आली, तीही कुंडीची. गोदामाचं नाव कुणी काढलं नाही.

तरी माझा गोंधळ आहेच. ऐकलं कुणी, देवाने की मावशींनी? हात जोडते तेव्हा मावशींच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठीही मागून ठेवते.

ह्यांचं आणखी वेगळंच. "पुढच्या इमारतीत ह्या मावशी थोड्याच असणार? मग धडा काय लिहू?" बावीस आकडा घातलाय, आणि त्यापुढे पेन टेकवून बसलेत.